कोर्स अर्धवट कुणी सोडला?

तीन वर्षांपूर्वी परंडा तालुक्यातल्या एका गावातून सात वर्षांच्या एका मुलीची केस माझ्याकडे आली. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आम्हाला केस पेपर कसा लिहायचा ते शिकवतात. त्याप्रमाणे मी तो लिहिला आणि शेवटच्या रकान्यात नोंद केली : 'आईने औषधाचे कोर्स वेळोवेळी अर्धवट सोडले, त्यामुळे जंतू औषधाला दाद देत नाहीत. आईचे समुपदेशन आवश्यक.' तो कागद मी जपून ठेवला आहे. हा लेख म्हणजे त्या नोंदीची जाहीर दुरुस्ती आहे.

पुढच्या भेटीत मी समुपदेशन सुरू केलं. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, गोळ्या म्या सोडल्या न्हाईत. पैसं संपलं. तुमी ते बी लिवलंय का?"

मी ते लिहिलं नव्हतं.

त्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. नाव अवघड असलं तरी आजार समजायला अवघड नाही. पेशींमधून होणारी मिठाची आणि पाण्याची ये-जा सांभाळणारं एक जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यामुळे फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो. स्वादुपिंडातला पाचक रस आतड्यात उतरत नाही, म्हणून मूल भरपूर खातं पण अंगी लागत नाही, शौचाला तेलकट आणि घाण वासाची होते. आणि घामातून मीठ फार जातं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं मूल नुसत्या घामानेही कोमेजून पडू शकतं.

या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन या बाईने केलं. बाई म्हणून तिला शस्त्रक्रियेच्या शिक्षणात जागा नाकारली गेली होती, म्हणून ती पॅथॉलॉजीकडे वळली होती. पुढे घामातल्या मिठाचा उलगडा झाला, आणि आजही घामातलं क्लोराइड मोजणं हीच निदानाची मुख्य तपासणी आहे. आमच्या या आईला ते कुठल्याही तपासणीविना कळलं होतं. "लेकराचा मुका घेतला की व्हट खारट व्हत्यात," असं ती मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून सांगत होती. घरी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली गेली. दवाखान्यात कुणी कान दिला नाही. 'बाया काहीही सांगतात' म्हणून विषय संपला. भारतात या आजाराची नोंद १९६८ सालीच झाली आहे, तरी हा गोऱ्यांचा आजार ही समजूत अजून गेलेली नाही. खोकला, ताप आणि रोडावलेलं लेकरू दिसलं की आपल्याकडे टीबी धरला जातो. या मुलीला टीबीचे उपचार दोनदा झाले. टीबी तिला नव्हताच.

आता जंतूंबद्दल. घट्ट कफात जंतूंना आयती जागा मिळते. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस येतो, मागाहून स्यूडोमोनास येतो. हा स्यूडोमोनास ओलीचा रहिवासी आहे. साठवणीच्या पाण्यात, मोरीत, वाफेच्या यंत्राच्या न वाळलेल्या भांड्यात तो वाढतो. तो पहिल्यांदा सापडतो तेव्हाच नेटाने उपचार केले तर त्याला बरेचदा हुसकता येतं. ती वेळ हुकली की तो फुप्फुसात स्वतःभोवती चिकट थर बांधून बसतो आणि मग जन्मभर ठाण मांडतो. प्रत्येक अपुऱ्या, चुकीच्या उपचारातून जे जंतू वाचतात ते औषधाला सरावलेले असतात. म्हणजे सगळा खेळ वेळेवर तपासणी, नेमकं औषध आणि पुरा कोर्स या तीन गोष्टींचा आहे.

आता मोजू या, या तीन गोष्टी कुणाच्या हातात होत्या.

तपासणी : कफाचं कल्चर करायला या बाईला बार्शी नाही तर सोलापूर गाठावं लागतं. सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. नमुना द्यायला एक फेरी, अहवाल आणायला दुसरी. दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं, तपासणीची फी. कल्चर दर तीन महिन्यांनी व्हायला हवं. तिला वर्षातून एकदा जमलं.

नेमकं औषध : कल्चरशिवाय जे औषध मिळतं ते अंदाजाने. एका खाजगी दवाखान्यात तीन दिवसांचं, दुसऱ्यात पाच दिवसांचं, कधी दुकानदाराने स्वतःच्या मनाने दिलेलं. तिसऱ्या पिढीची अँटिबायोटिकं आणि तशी इतर औषधं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, विकली की वहीत नोंद करावी, हा एच-१ अनुसूचीचा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्या पिशवीतल्या रिकाम्या पाकिटांवर लाल रेघ होती, चिठ्ठी मात्र निम्म्यांचीही नव्हती.

पुरा कोर्स : वाफेतून घ्यायचं टोब्रामायसिन सलग अठ्ठावीस दिवस, दिवसातून दोनदा असतं. तिच्याकडे दहा दिवसांचे पैसे होते. अकराव्या दिवशी औषध थांबलं, आणि माझ्या केस पेपरवर त्याचं नाव पडलं आईचा निष्काळजीपणा.

मैत्रिणींनो, हा निष्काळजीपणा कसा असतो ते एकदा शेजारी बसून बघा. पहाटे उठून मुलीला मिठाच्या पाण्याची वाफ द्यायची. मग तिला पालथी, कुशीवर, उताणी निजवून पाठीवर-छातीवर ओंजळीच्या थापट्या मारून कफ सुटा करायचा. मग अँटिबायोटिकची वाफ. मग यंत्राची भांडी धुऊन, उकळून, पूर्ण कोरडी करायची. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल, जेवणात तेल, तूप, शेंगदाणे जास्त, ताकात वरून मीठ. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सगळं. वीज गेली की यंत्र बंद, मग रात्री वीज येईल तेव्हा उठायचं. या मधल्या वेळात ती सोयाबीन काढायला, खुरपायला जाते.

शहरातल्या दवाखान्यात हेच काम पगार घेणारे तिघे-चौघे करतात. फिजिओथेरपिस्ट, नर्स, आहारतज्ज्ञ अशी त्यांना नावं आहेत. घरी तेच काम एकटी बाई करते तेव्हा त्याला 'आईची माया' म्हणतात आणि काम चुकलं की 'निष्काळजीपणा'. मायेचा पगार मिळत नाही, चुकीचा दंड मात्र लगेच भरावा लागतो. मुलीचा बाप वाईट माणूस नाही. तो कमावतो आणि औषधाला पैसे देतो. पण थापट्या मारायला दोन हात लागतात, ते आईचेच असावेत असं कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात लिहिलेलं नाही.

दोष द्यायची दुसरी जागा म्हणजे माहेर. "हिच्या माहेरचंच रक्त खराब," असं सासू बोलते. या घरात सासू म्हणजे तिची सख्खी आत्या आहे! मामाची मुलगी करून आणलेली. म्हणजे ज्या माहेराला नावं ठेवायची ते माहेर दोघींचं एकच. विज्ञान सांगतं की हा आजार व्हायला बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. दोघांकडून सारखाच वाटा. नात्यात लग्न झालं की एकाच आजोबा-आजीकडून आलेला दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. दोघं असे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक ही शक्यता असते, मुलगा असो की मुलगी. आत्यांना हे मी चित्र काढून समजावलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मंजी माझ्यात बी आसंल की ओ." त्या दिवसापासून त्यांचं बोलणं थांबलं. जे एका कागदावरच्या चित्राने झालं, ते आधीच्या सात वर्षांत एकाही डॉक्टरला सुचलं नव्हतं.

तरीही "आता एक मुलगा होऊ द्या, हिच्यावर किती खर्च करायचा?" हा प्रश्न घरात, भावकीत फिरतोच. मुलींना या आजारात मुळात जास्त सोसावं लागतं. स्यूडोमोनास त्यांना मुलांपेक्षा लवकर गाठतो आणि पूर्वीपासून त्यांचं आयुष्य मुलांपेक्षा कमी भरत आलं, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे त्यात 'मुलगीच तर आहे' याची भर पडते. पुढच्या बाळंतपणाआधी गर्भाची जनुकीय तपासणी करून घेण्याचा हक्क कायद्याने या बाईला आहे. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध इतकी वर्षं लढलेल्या आपणच 'गर्भाची तपासणी' म्हटलं की दचकतो, आणि तिला माहिती द्यायचंही टाळतो. लिंग बघणं वेगळं, आजार बघणं वेगळं. मूल हवं की नको हे तिने ठरवायचं आहे. माहिती देणं हे आपलं काम आहे.

आणि शासन? औषधाला न जुमानणारे जंतू म्हटल्यावर शासनाला काही कळत नाही असं मुळीच नाही. टीबीसाठी थुंकीचा नमुना तालुक्यातून प्रयोगशाळेत जातो, औषधाला दाद देतो की नाही ते मोफत तपासलं जातं, औषध मोफत मिळतं, पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये खात्यात येतात. त्यात उणिवा आहेत, त्यावर आपण भांडतोच. पण रस्ता ठाऊक आहे, गाडी ठाऊक आहे, माणसं आहेत. मग त्याच गाडीत या मुलीच्या कफाची डबी का बसत नाही? कारण अशी मुलं थोडी, विखुरलेली, आणि त्यांच्या आयांचा मोर्चा निघत नाही.

मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. २०२२ पासून त्यात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. सिस्टिक फायब्रोसिसचं नावही यादीत आहे, पण ते काही ठरावीक महागड्या औषधांच्या संदर्भात. मदतीसाठी परंड्याच्या बाईने मुंबईचं केईएम गाठायचं. रोजची वाफ, रोजची कॅप्सूल, तिमाही कल्चर या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी, ज्यांनी फुप्फुस टिकतं, त्या तिच्या पदरातच राहतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. हा आजार नाही. म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून सवलत नाही.

मूळ दोषावर काम करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिथली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त. ती प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही, जनुकातला बिघाड कोणता त्यावर ते ठरतं. पण ज्यांना लागू पडेल त्यांच्या आड आता विज्ञान येत नाही, पेटंट येतं. २०२३ मध्ये भारतासह काही देशांतल्या रुग्णांनी आणि पालकांनी हा अडसर काढण्याची मागणी केली. ती अशक्य कोटीतली नाही. मार्च २०१२ मध्ये आपल्याच देशाने कॅन्सरच्या एका औषधाचा सक्तीचा परवाना दिला, आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ९ हजारांच्या आत आला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या इंजेक्शनांनी गेली. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिन या औषधाच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये त्या जिंकल्या. ज्या जातीच्या इंजेक्शनाने त्यांचे कान गेले त्याच जातीची इंजेक्शनं, अमिकासिन आणि टोब्रामायसिन, स्यूडोमोनाससाठी या मुलांच्या शिरेतून दिली जातात. तेव्हा कानाची तपासणी करा, एवढं तरी आपण ठणकावून सांगायला हवं.

आता आपल्याबद्दल. या आया एकत्र का येत नाहीत? एका मुलाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन मुलांनी एकमेकांजवळ येऊ नये, असा वैद्यकीय नियम आहे. म्हणजे लेकराला कडेवर घेऊन या बायका बैठकीला येऊ शकत नाहीत, आणि लेकराला सोडूनही येऊ शकत नाहीत. त्यांचा गट त्यांनी स्वतः बांधावा अशी वाट बघणं म्हणजे त्यांना एकटं टाकणं आहे. तो दिवसभर मूल सांभाळायला कुणीतरी लागेल, आणि ती माणसं आपल्यातून निघाली पाहिजेत.

आपल्या मागण्या साध्या आहेत :

१. टीबीच्या नमुन्यांसाठी असलेल्या वाहतुकीतून या मुलांच्या कफाचे नमुने दर तीन महिन्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावेत, अहवाल तालुक्यात मिळावा.

२. वाफेची अँटिबायोटिकं, पाचक कॅप्सूल आणि वाफेचं यंत्र सरकारी दवाखान्यातून मोफत आणि अखंड मिळावं.

३. औषधाला दाद न देणारा टीबी म्हणून उपचार सुरू करण्याआधी, खारट घाम आणि न वाढणारं वजन असेल तर घामाची तपासणी सक्तीने व्हावी.

४. आईला आणि बापाला दोघांनाही थापट्या, वाफ आणि भांड्यांची स्वच्छता शिकवली जावी. दवाखान्याच्या दिवसाची मजुरी भरून मिळावी.

५. अपंग हक्क कायद्याच्या यादीत या आजाराचा समावेश व्हावा.

आणि एक गोष्ट मी त्या आईकडून शिकले. अहवालावर 'आर' अक्षरांची रांग आली तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं, आता काही उपयोग नाही. ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि विचारून आली. या आजारात प्रयोगशाळेच्या कागदावर औषध निकामी दिसलं तरी प्रत्यक्ष फुप्फुसात, वाफेच्या जास्त मात्रेने किंवा दोन औषधांच्या जोडीने ते पुष्कळदा काम करतं. मुलगी आता दहा वर्षांची आहे, चौथीत आहे. जंतू गेलेले नाहीत. वजन मात्र वाढलं आहे.

जुन्या केस पेपरवर मी ती ओळ खोडून आता असं लिहिलं आहे : 'आईने शक्य तेवढे दिवस औषध दिले. उरलेल्या दिवसांची व्यवस्था कुणी केली नाही.' आपल्या प्रत्येक गटाने आपापल्या तालुक्यातले लहान मुलांचे जुने केस पेपर काढावेत आणि 'आईचा निष्काळजीपणा' हे शब्द त्यात किती वेळा आले आहेत ते मोजावं. पुढच्या बैठकीत ते आकडे समोर ठेवू या. माझ्या कपाटातले मी मोजले आहेत. अकरा निघाले, आणि त्यातले चार माझ्या हस्ताक्षरात आहेत.