दोन बिंदू आणि रोहतक

सुटीत उज्जैनला गेलो असता टॉवर चौकात एका गृहस्थांना वेधशाळेची वाट विचारली. ‘सीधे जाइए’, असे ते म्हणाले. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे हेच ‘नीट वच’ असे सांगतात. मराठीत मात्र ‘नीट’ म्हणजे व्यवस्थित. सरळ रेषेच्या धड्याला हे दोन्ही अर्थ हवेत, असे मला वाटते.

दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण आपले विद्यार्थी स्तोत्रासारखे पाठ करतात. मीही केले होते. परीक्षा संपताच ते विसरलो आणि कलाशाखेकडे वळलो. ते कशासाठी काढायचे, हे मला कधी उमगलेच नव्हते. उमगले ते थेट उज्जैनला.

सूर्यसिद्धान्तात लंका व मेरू यांना जोडणारी मध्यरेषा सांगितली आहे. तिच्यावर अवंती म्हणजे उज्जैन, रोहीतक आणि कुरुक्षेत्राचे सन्निहित सरोवर येतात. रोहीतक म्हणजे आजचे रोहतक, असे सामान्यतः मानतात. नकाशा सपाट धरू. रेखांशाला क्ष व अक्षांशाला य म्हणू. उज्जैन (७५.८, २३.२) आणि कुरुक्षेत्र (७६.८, ३०.०). रेखांश १ अंशाने वाढला तेव्हा अक्षांश ६.८ अंशांनी वाढला. म्हणून चढ ६.८. सरळ रेषेचा चढ मध्येच बदलत नाही. तेव्हा तिच्यावरचा कोणताही बिंदू घेतला, तरी उज्जैनपासून त्याचा चढ तेवढाच भरला पाहिजे:

य − २३.२ = ६.८ (क्ष − ७५.८)

एवढेच ते सूत्र! यात पाठ करण्यासारखे काय आहे?

आता रोहतकचा अक्षांश, २८.९, य च्या जागी घाला. ५.७ ला ६.८ ने भागले की सुमारे ०.८ येतात, म्हणजे क्ष ७६.६. नकाशात रोहतकचा रेखांश पाहा. तोही ७६.६ च आहे! हा आकडा जुळला तेव्हा मला झालेला आनंद कोणत्याही परीक्षेतल्या गुणांनी झाला नव्हता.

पण येथेच थांबून पूर्वजांचा जयजयकार करू नये. त्यांच्या मते ही रेषा नेमकी दक्षिणोत्तर होती. तसे असते तर तिन्ही ठिकाणांचा रेखांश एकच आला असता. आपल्याला तर १ अंशाचा फरक दिसतो. रेखांशातील अंतर त्या काळी चंद्रग्रहणाच्या वेळेवरून काढावे लागे. १ अंश म्हणजे ४ मिनिटे, म्हणजेच १० पळे. पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्राने १० पळांचा फरक दूरच्या दोन गावी अचूक टिपणे किती बिकट असेल! उज्जैन म्हणजे जगाची शून्यरेषा, असे सभेत गर्जून सांगणारे आणि जुने ते सारे थोतांड म्हणणारे, दोघांनीही हे गणित मांडलेले नसते. वर्गात मात्र ते मांडलेच पाहिजे, आणि कलाशाखेकडे जाणाऱ्यांकडून तर आधी करवून घेतले पाहिजे.

हीच रेषा दक्षिणेकडे वाढवा. विषुववृत्तावर, म्हणजे य शून्य असताना, क्ष सुमारे ७२.४ येतो. सिद्धान्तातली लंका विषुववृत्तावर आहे. आपल्या रेषेला मात्र तेथे मालदीवच्या पश्चिमेचा उघडा समुद्र लागतो.