पहिल्या दिवसाची परीक्षा

लिस्बनहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग, काय काय बघितलं?" फोटो टाकले नाहीत म्हणून एकाने तर "गेलाच नव्हतास तू" असंही सुनावलं. खरं सांगू? आठ दिवसांत जे बघितलं त्यातलं निम्मं विसरलो. पहिला दिवस मात्र जसाच्या तसा लक्षात आहे, कारण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळा तोंडघशी पडलो. एकदा तर खरोखरच पडलो.

त्या एका दिवसावरून आपल्या वसई-विरारबद्दल थोडं बोलायचंय. पोस्ट लांब आहे. विरार लोकलमध्ये उभं राहून वाचा, बोरिवली येईपर्यंत संपेल.

आधी गेलो कसा ते सांगतो, नाहीतर लोक भलतेच हिशेब लावतील. शाळेतला एक मित्र तिकडे आहे. त्याची बायको गोव्याची. १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, त्या वाटेने दोघं गेले. आपल्याला ती सोय नाही. चिमाजी अप्पांनी वसई १७३९ लाच घेतली, गोवा सुटायच्या २२२ वर्षं आधी! तिकिटासाठी दोन वर्षं पैसे साठवले. राहायचं मित्राकडे, म्हणजे फुकट.

गेल्या फेब्रुवारीत भरदुपारी उतरलो. मित्र आणि वहिनी दोघंही कामावर. त्याचा मेसेज होता: विमानतळावरून मेट्रो, लाल लाईन, साल्दान्याला उतर, पिवळी पकड, ओदिव्हेलास शेवटचं स्टेशन, किल्ली तळमजल्यावरच्या आजींकडे. म्हटलं, दादरला गाडी बदलणाऱ्या माणसाला हे काय कठीण?

लाल लाईन बरोबर पकडली. पिवळीत चढलो तो उलट्या दिशेने. बसायला जागा मिळाली या आनंदात पाटीकडे बघितलंच नाही. विरारकराला रिकामी सीट दिसली की दिशा दुय्यम होते. शेवटच्या स्टेशनवर डबा रिकामा झाला. पाटीवर नाव 'रातो'. पुढे कळलं, रातो म्हणजे उंदीर. पाठीवर खाद्यपदार्थ पोहोचवायची भलीमोठी पिशवी अडकवलेला एक पोरगा माझ्याकडे बघून हसला आणि चक्क हिंदीत म्हणाला, "भाईसाब, उल्टा आ गये." मूळचा बांगलादेशचा. त्याने फलाटावरचा नकाशा दाखवला, बाण दाखवला. बाण तिथे होताच. मीच बघितला नव्हता.

संध्याकाळपर्यंत घरी कुणी नव्हतं. म्हटलं, आलोच आहोत तर शहर बघू. चाकांची बॅग ओढत उताराने निघालो आणि तिथल्या फुटपाथशी ओळख झाली. छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचा, हाताने बसवलेला. दिसायला देखणा, पण पाऊस पडून गेला की साबण लावल्यासारखा. शिवाय सगळं शहर टेकड्यांवर. बॅगेचं एक चाक पहिल्या दहा मिनिटांत गेलं, पुढच्या वळणावर मी गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थाने हात देऊन उठवलं. माझे बूट बघून मान हलवली आणि काहीतरी लांबलचक बोलला. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. आमच्या आजोबांचाही तोच सूर असायचा.

भूक लागली होती. एक छोटी खानावळ दिसली. दारावर 'पुश' असं वाचता येईल असा शब्द. मी ढकललं. दार हलेना. जोर लावला. आतले चार लोक जेवण थांबवून बघायला लागले. शेवटी एक बाई उठली आणि तिने दार बाहेरच्या बाजूला उघडून मला आत घेतलं. 'पुश' म्हणजे पोर्तुगीजमध्ये ओढा! आपण गावातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत फिरतो, तिकडे एका दाराने माझी भाषा काढली.

बसल्या बसल्या समोर पाव, ऑलिव्ह आणि चीज आलं. न मागता. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसं असेल समजून सगळं फस्त केलं. बिलात त्याचे पैसे! पत्रकार जागा झाला, हुज्जत घालायची तयारी केली. त्या बाईने शांतपणे मेनूकार्डावर बोट ठेवलं. पहिल्याच ओळीत पावाचा, ऑलिव्हचा, चीजचा वेगवेगळा भाव छापलेला. रात्री मित्राने सांगितलं की तिथे कायदाच आहे: मागवलं नसेल आणि हातही लावला नसेल, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. मी खाल्लं होतं. चूक माझी, भाव त्यांनी आधी लिहिलेला.

बिल द्यायला शब्द सापडेना, तेव्हा सहज तोंडातून निघालं, "पगार?" बाई लगेच मशीन घेऊन हजर. 'पगार' म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणं, आपला पगार तिथूनच आलाय. वीस वर्षांच्या पत्रकारितेत 'पगार' म्हटल्यावर समोरच्याने इतकी चटकन हालचाल केल्याचा हा माझा पहिलाच अनुभव.

यावेळी पाटी वाचून योग्य गाडी पकडली, ओदिव्हेलासला पोहोचलो. तळमजल्यावरच्या आजींना इंग्रजी येत नाही, मला पोर्तुगीज येत नाही. मी म्हटलं, "चावी." आजी नुसत्या बघत राहिल्या. मी हाताने कुलूप उघडल्यासारखं केलं. "आ, शाव!" असं म्हणून त्या आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. आज लिस्बनमध्ये त्या शब्दाचा उच्चार 'श'ने होतो. पण सोळाव्या शतकात, ते लोक वसईला आले तेव्हा, तो 'च'नेच व्हायचा. त्यांनी बदलला, आपण जसाच्या तसा ठेवला. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा त्यांचा उच्चार मी त्यांच्याच दारात उभा राहून बोलत होतो. आजींनी बसवून कोबीच्या जातीच्या पाल्याचं गरम सूप पाजलं. तो पालाही 'कोव्ह', म्हणजे आपला कोबी. बालदी, घमेलं, पिंप, परात, लिलाव, नाताळ... रात्री झोपेपर्यंत मी मनात यादी करत होतो.

आता मुद्द्याचं.

त्या दिवशी मी चार-पाच वेळा चुकलो. पण लुबाडला गेलो नाही. का? दिशा लिहिलेली होती, भाव लिहिलेला होता, नियम सगळ्यांना एकच होता. तिथे माझी ओळख कुणाशी नव्हती आणि ओळखीची गरजही पडली नाही. किल्लीपुरती आजींची लागली, तेवढीच.

आपल्याकडे काय होतं? मागच्या महिन्यात विरार स्टेशनबाहेर बघितलेली गोष्ट. डहाणू लोकलमधून एक कुटुंब उतरलं. नवरा-बायको, दोन लेकरं, पत्र्याची पेटी, गोणीत भांडी. फुलपाड्याला जायचं होतं. पूर्व कुठली, पश्चिम कुठली इथूनच सुरुवात. एका रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी मध्ये पडलो, आकडा निम्म्यावर आला. रिक्षावाला मला ओळखतो म्हणून. त्यात मला काही मोठेपणा वाटला नाही, उलट लाज वाटली. माझ्या ओळखीवर त्यांचे पैसे वाचले. मी तिथे नसतो तर?

आपलं शहर ओळखीवर चालतं. शेअर रिक्षा कुठून सुटते, भाडं किती, टँकरवाल्याला कुणाचं नाव सांगायचं, खोलीच्या डिपॉझिटची पावती मागायची की नाही, हे सगळं ज्याला माहीत त्याला माहीत. नवख्याला पैसे मोजून शिकावं लागतं.

रिक्षाचे पैसे जाऊ द्या. नालासोपारा पूर्वेच्या त्या ४१ इमारती आठवा. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या. कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. या लोकांचाही कधीतरी इथे पहिला दिवस होता. दलालाने खोली दाखवली, नळ दाखवला, वीजमीटर दाखवला. जमीन राखीव आहे ही पाटी कुणी दाखवली? न मागता ताट समोर आलं, भाव कुठेच लिहिलेला नव्हता, आणि बिल आलं वर्षांनंतर, घर पाडून. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळलं, १७ जीव गेले. तीही इमारत अनधिकृत. त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. राहणाऱ्यांना पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

"तिकडे सगळं सोन्याचं आणि इकडे सगळं मातीचं" असं म्हणतोय असं समजू नका. रात्री मित्राला मी शहराचं कौतुक सांगत होतो, तर तो हसला. म्हणाला, "तू आठ दिवसांचा पाहुणा आहेस. मी राहायला आलो तेव्हाचा पहिला दिवस वेगळा होता. एका खोलीत सहा जण, आणि कागदांसाठी रांगा." मला दिशा दाखवणारा तो पोरगा मार्ती मोनीझ भागात राहतो. तिथल्याच बेनफोर्मोझो रस्त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, बरेचसे आपल्याच बाजूचे, दक्षिण आशियातले. महिन्याभरात हजारो लिस्बनकर त्याविरोधात रस्त्यावर उतरले, हेही खरं. म्हणजे पर्यटकाला मिळणारं शहर एक आणि कामगाराला मिळणारं दुसरं, हा रोग तिकडेही आहे.

म्हणूनच आपल्याकडे नुसत्या पर्यटनाच्या गप्पा मारल्या जातात तेव्हा मला खटकतं. किल्ला बघायला येणाऱ्यासाठी पाट्या हव्यातच, वसई रोडला उतरून किल्ल्यापर्यंत पोहोचणं म्हणजे अजूनही विचारत विचारत जाणं आहे. पण रोज विरार, नालासोपारा, नायगावला जो उतरतो तो बहुतेक करून किल्ला बघायला आलेला नसतो. तो पोट घेऊन आलेला असतो. त्याचा पहिला दिवस बरा गेला तर शहर बरं.

आणि परका माणूस आपल्याला नवा आहे का? दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा बंदर होतं, ग्रीक भाषेतल्या जुन्या ग्रंथांत त्याचं नाव आहे. त्याच सोपारा परिसरात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत, लोकांना कळेल अशा प्राकृत भाषेत कोरलेले. ते आता मुंबईच्या संग्रहालयात आहेत. राजाचं म्हणणं काय, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं, ही व्यवस्था तेव्हा होती. आज सोपाऱ्यात खोली घेणाऱ्याला इमारत अधिकृत आहे की नाही हे दारावर वाचता येत नाही.

फार मोठ्या मागण्या नाहीत माझ्या. प्रत्येक स्टेशनबाहेर पूर्व-पश्चिमेचा मोठा नकाशा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. प्रत्येक रिक्षा स्टँडवर ठिकाणवार भाडं, ठळक अक्षरात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक इमारतीच्या गेटवर परवानगीचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक नसेल तर 'परवानगी नाही' अशी लाल पाटी. ती लावायला उड्डाणपूल बांधायइतका पैसा लागत नाही. पाटी लागली तर ज्यांचा धंदा बुडेल ती मंडळी मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. खरी अडचण तिथेच आहे.

तोपर्यंत आपल्या हातात एवढंच: स्टेशनबाहेर पेटी घेऊन गोंधळलेलं कुणी दिसलं, तर दोन मिनिटं थांबा. उलट्या गाडीत बसलेल्या मला परक्या शहरात थांबून सांगणारा भेटला, आणि तोही तिथे परकाच होता.

तुमचा या शहरातला पहिला दिवस कसा होता? आठवत असेल तर खाली लिहा. चांगलं, वाईट, दोन्ही. सगळं एकत्र करून मी ते जिथे द्यायला हवं तिथे देणार आहे, पोच घेऊन.