आग्रह नको, माप हवं

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलाच्या लग्नाचा तिसरा वाढदिवस होता. सून आमची धारवाडची. दोन दिवस आधी ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "अत्ती, त्या दिवशी घरीच थोडी सांग्रिया केली तर चालेल काय री?"

सांग्रिया म्हणजे लाल वाइनमध्ये संत्री-सफरचंदाच्या फोडी घालून मुरवलेलं स्पेनचं पेय, एवढं मला ठाऊक होतं. पण 'हो' काही तोंडातून निघेना. माझ्या माहेरी वडिलांच्या पगाराच्या दिवशी आई तिन्हीसांजेपासून दारात उभी राहायची. का, ते सांगायला नको. बाटली म्हटलं की मला अजून तो उंबरा आठवतो.

रात्रभर विचार केला. मी नको म्हटलं असतं, तर दोघं हॉटेलात गेली असती आणि रात्री हायवेवरून गाडी चालवत परत आली असती. सकाळी म्हटलं, "घरीच करा."

त्या दिवशी टेबलावर दोन काचेचे जग होते. एकात सांग्रिया, दुसऱ्यात आम्हा बाकीच्यांसाठी कोकम सरबत. दोन्ही लालचुटुक, दोन्हींत बर्फ! नणंदेचा सात वर्षांचा नातू खेळून घामाघूम होऊन आला आणि समोरच्या जगातून पेला भरून घेतला. तोंडाला लावणार, तोच सून ओरडली, "ब्याड, ब्याड!" पोरगं दचकलं, पेला खाली पडून फुटला. काच फुटली याचं मला त्या दिवशी बरं वाटलं, दुसरं काय!

चूक वाइनची नव्हती, जगाची होती. म्हणून यंदा सुनेनं दुसरं पेय शोधलं. तेही स्पेनचंच, 'तिंतो दे वेरानो', म्हणजे उन्हाळ्यातली लाल वाइन. सांग्रियासारखं मुरवायला नको, फळं चिरायला नकोत. एकेक ग्लास समोर करायचा आणि त्याच माणसाच्या हातात द्यायचा. घरासाठी हेच बरं.

साहित्य एका ग्लासासाठी असं: गोड नसलेली लाल वाइन 100 मिली, थंडगार साधा सोडा 100 मिली, साखरेचा पाक 2 चमचे, लिंबाचा रस 1 चमचा, लिंबाची एक चकती आणि भरपूर बर्फ. स्पेनमध्ये यात लिंबाच्या चवीचा गोडसर सोडा घालतात. आपल्याकडे तसा मिळाला, तर पाक आणि लिंबूरस वगळा.

उंच ग्लास बर्फानं भरा. आधी पाक आणि लिंबूरस, मग वाइन मोजून घाला. चमच्यानं ढवळून घ्या. सोडा शेवटी, ग्लासाच्या कडेनं हळूच सोडा, म्हणजे फसफस टिकते. वरून चकती ठेवा. महागाची वाइन लागत नाही, सोड्यात तिचा नखरा कुणाला कळणार? गोव्याची पोर्ट वाइन मात्र मुळातच गोड असते. ती असेल तर पाक घालूच नका. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आणि हो, स्वस्त मिळते म्हणून गोव्याहून येताना विनापरवाना बाटल्या आणू नका. चेकपोस्टवर अबकारीवाल्यांनी डिकी उघडली, की सगळी मजा तिथंच संपते.

आता मापाचं. वाइनमध्ये साधारण 12 ते 13 टक्के मद्यार्क असतो. सोडा घातल्यानं पेय सौम्य लागतं, पण पोटात जाणारा मद्यार्क तेवढाच राहतो, 100 मिलीमागे सुमारे 10 ग्रॅम. गोडवा आणि बर्फ त्याची चव झाकतात, म्हणून माणूस सरबतासारखा घटाघट पितो. तेव्हा ग्लास मोजू नका, वाइन मोजा. औषधाचं माप चालतं. गोळ्या चालू असणारे, पोटुशी बाई आणि 21 वर्षांखालची मुलं, यांना नाही म्हणजे नाही. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याला कोकम. 'लाल वाइन हृदयाला चांगली' हेही आता विसरा. मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. प्यायची तर चवीसाठी प्यावी, औषध म्हणून नव्हे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पंगतीत आग्रह करणं आपल्या हाडीमाशी खिळलंय. पोळी नको म्हणणाऱ्याच्या ताटात आपण पोळी वाढतोच, आणि धारवाडकडेही 'साकु' म्हटल्यावर आणखी एक होळिगे पानात पडतेच. हा आग्रह गोडाला शोभतो, ग्लासाला नाही. माझ्या वडिलांनाही पहिला पेला कुणीतरी आग्रहानंच दिला असणार.

यंदा मुलानं एक ग्लास घेतला, सुनेनं एक. मी त्याच तऱ्हेच्या उंच ग्लासात कोकम घेतलं, बर्फ आणि लिंबाच्या चकतीसकट. नणंदेचा नातू माझ्या शेजारी, त्याच्या हातातही कोकम. मुलानं बाटलीला पुन्हा हात लावला, तेव्हा सून हसून म्हणाली, "साकु री." त्यानं मुकाट्यानं बूच लावलं. कुणीही आग्रह केला नाही.

त्या रात्री मी दाराकडे एकदाही पाहिलं नाही.