तळण कसले, ही तर वाऱ्याची भट्टी!

‘एअर फ्रायर’ हे नावच माझ्या मते फसवे आहे. त्यात तळण होत नाही. ती पंखा बसवलेली छोटी भट्टी आहे. गोठवलेले फ्रेंच फ्राइज त्यात म्हणे तेलावाचून कुरकुरीत होतात! पाकिटावरचे घटक वाचा. बहुतेक फ्राइज कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात.

आता टोपली शिगोशीग का भरू नये, ते पाहा. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४०. ही सारी उष्णता २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वाऱ्याने आणायची. ढिगात वारा शिरत नाही, वाफ कोंडते आणि फ्राइज लिबलिबीत होतात. आधी व नंतर वजन करा. जवळजवळ सारी घट पाण्याची असेल.