इसारपावती

कादंबरीकाराला पुरस्कार मिळाला तर गल्लीत कुणाला पत्ता लागत नाही. पण त्याच्या कादंबरीचे टीव्हीचे हक्क मुंबईच्या कंपनीने घेतले म्हटलं, की दूधवालासुद्धा उंबऱ्यावर थांबून अभिनंदन करतो. आमच्या नांदेडात हे असंच चालतं आणि लातूर ही माझी सासुरवाडी असल्यामुळे तिथेही असंच चालतं, हे मी अधिकाराने सांगतो. (सासुरवाडीबद्दल अधिकाराने बोलायची एवढी एकच संधी आहे.) आपण कादंबरीला उपवर मुलगी समजतो. ती कितीही गुणी असो, मुंबईचं स्थळ सांगून आल्याशिवाय तिचं सार्थक नाही!

माझं भांडण या स्थळाशी नाही. ते पक्कं झालं असं समजून मांडव घालणाऱ्यांशी आहे, आणि त्यात पहिला नंबर खुद्द लेखकाचा.

लातूरचे आमचे एक स्नेही घ्या. नाव सांगत नाही, कारण त्यांना अजून आशा आहे. हक्क गेल्याची बातमी फुटताच दोन्ही गावांत मिळून त्यांचे चार सत्कार झाले. एका वक्त्याने तर 'लातूरची कादंबरी पडद्यावर पोचली' असं जाहीर करून टाकलं. पोचली होती ती फक्त सही. मिळालेल्या पैशांतले निम्मे अभिनंदनाला येणाऱ्यांच्या चहा-चिवड्यात गेले. या गोष्टीला आता चार वर्षं होतील. गंजगोलाईत भाजी घ्यायला गेलं, की कुणीतरी विचारतंच, "काय सर, कवा लागायलीय तुमची शिरियल?"

सर म्हणतात, "चर्चा चालूय."

ही चर्चा कोण कुणाशी करतंय, हे सरांनाही ठाऊक नाही. मध्यंतरी संभाजीनगरची काही हौशी मुलं याच कादंबरीवर काही करू म्हणून आली होती. त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं. हक्क मोकळे कुठे होते?

खरा प्रकार असा असतो, की अशा वेळी कंपनीने कादंबरीवर मालिका करायचं कबूल केलेलं नसतं. दुसऱ्या कुणी ती करू नये, एवढी तजवीज केलेली असते. त्यात कंपनीचंही मी समजू शकतो. वाहिनीच्या दारात खेटे घालायचे, पटकथा लिहवून घ्यायची, पैसा उभा करायचा आणि ऐन वेळी कादंबरी तिसऱ्याच्या हाती गेली तर? म्हणून थोडे पैसे देऊन ती अडवून ठेवायची. व्यवहार चोख आहे. मराठवाड्याला तो नवाही नाही. आपण त्याला इसार म्हणतो.

फरक एवढाच, की दोन एकर रान विकणारा अडाणी माणूससुद्धा इसारपावतीवर तारीख घालून घेतो. त्या तारखेच्या आत खरेदीखत झालं नाही, तर इसार बुडाला आणि रान मोकळं. त्या माणसाच्या आयुष्यावर तीनशे पानं लिहिणाऱ्या लेखकाला मात्र सही करताना तारीख आठवत नाही. तारीख विचारणं त्याला मोंढ्यातलं बोलणं वाटतं!

कायदा बिचारा लेखकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम म्हणतं, की हक्क लिहून घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर त्या हक्कांपुरतं ते लिहून देणं संपलं असं धरावं. मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. सगळी गोम या शेवटच्या शब्दांत आहे. करार कंपनीचा वकील लिहितो, आणि वेगळं लिहिण्यासाठीच त्याला फी मिळते.

वाट बघणं किती लांबतं म्हणाल, तर टीव्ही सोडा, सिनेमाच बघा. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. तिच्यावरचा 'बाजीराव मस्तानी' आला २०१५ साली. शिवाजी सावंतांचा 'छावा' १९७९ चा, पडद्यावर आला २०२५ साली. हे दोघेही २००२ मध्येच गेले. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची, चित्रपट २०१३ चा. लेखक २००३ मध्ये गेले होते. रणजित देसाईंना 'स्वामी'ची मालिका हयातीत दूरदर्शनवर दिसली, पण ते भाग्य विरळा. ही सगळी घरोघर खपलेली पुस्तकं. तिथे आमच्या स्नेह्यांचा काय पाड?

आणि आपल्याकडच्या कादंबरीला थांबणं परवडतही नाही. लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराड्यांनी १९७१ साली 'पाचोळा'त खेड्यातल्या शिंप्याच्या घरची गोष्ट गावच्याच बोलीत सांगितली, तेव्हापासून आमचे लेखक आयाबायांच्या तोंडची भाषा कागदावर आणतात. ती बोलणारी माणसं आता थकली. स्नेह्यांच्या कादंबरीतले निम्मे संवाद त्यांच्या आईचे. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना अक्षरओळख नाही. लेक वाचून दाखवायला बसला, तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे, टीव्हीतच बगते." करारात मुदतवाढीची सोय आहे, ती कंपनीला आहे, आईंना नाही.

तेव्हा लेखक मंडळींनो, हक्क जरूर द्या, पण पावतीवर तारीख घाला आणि मुदतवाढ फुकट देऊ नका. सत्कारवाल्यांनो, शालीच्या पैशात त्याच कादंबरीच्या चार प्रती घ्या आणि एखादी वाचा.

हे सगळं मी स्नेह्यांना ऐकवलं. कराराची मुदत पुन्हा वाढवायचा कागद त्यांच्यापुढेच पडला होता. ते घाबरून म्हणाले, "अहो, तारीख मागितली आणि त्यांनी नादच सोडला तर?"

म्हटलं, "सोडू द्या की. रान तरी मोकळं होईल!"