केर काढण्यापूर्वी
वास्तुशिल्पज्ञांच्या कचेऱ्यांतून ड्रॉइंग बोर्ड मागे पडला आणि १९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅडने त्याची जागा घेतली. आता वीज गेली वा प्रोग्रॅम अडकला की रात्रभराचा नकाशा नाहीसा होतो आणि खापर फुटते ते नवख्या ड्राफ्ट्समनच्या डोक्यावर. वास्तविक पुष्कळदा नकाशा हरवलेला नसतो. अनोळखी नावाने तो संगणकातच पडून असतो आणि केर समजून आपणच तो पुसून टाकतो.

हा केर सगळा एकसारखा नसतो. जिच्या नावाअखेर 'एसव्ही' व डॉलरचे चिन्ह असते, ती ऑटोकॅडने स्वतःहून राखलेली प्रत. मांडणी बदललेली नसेल, तर ती दर १० मिनिटांनी तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात पडते. 'बीएके' ही मूळ नकाशाशेजारीच असलेली त्याची मागची आवृत्ती. यांची आधी प्रत काढावी, मग अखेरची अक्षरे बदलून 'डीडब्ल्यूजी' करावीत. बरेचसे काम बहुधा हाती लागते. 'डीडब्ल्यूएल' हे मात्र नुसते कुलूप. नकाशा कोणी उघडलेला नाही, याची खात्री करून ते खुशाल काढावे.

कोणी म्हणेल, यंत्र जपते आहे, मग आपण कशाला जपावे? पण प्रोग्रॅम रीतसर बंद होताच ती आपोआप राखलेली प्रत नाहीशी होते. 'सेव्ह करू का?' या प्रश्नाला घाईत 'नाही' म्हणणाऱ्याला ती वाचवीत नाही. म्हणून रेघा ओढणे शिकविणाऱ्या वर्गांनी काम जतन करणेही पहिल्याच दिवशी शिकवावे. आणि नवख्याला बोल लावण्यापूर्वी, हे त्याला कधी कोणी सांगितले होते काय, एवढे मालकांनी स्वतःस विचारावे.