जुन्या सायकली शहराला चालल्या, आणि मिस्त्री?

पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यानं ज्यानं दांड्याखालून पाय घालून सायकल शिकली त्यानं तरी वाचावी.

आपल्याकडं वसमत, कळमनुरी, सेनगावच्या खेड्यांत हल्ली भंगारवाल्याच्या मागोमाग एक वेगळंच गिऱ्हाईक फिरतंय. त्याला तांबं नको, पितळ नको. गोठ्यात नाहीतर माळवदावर पडलेली आजोबाची सायकल पाहिजे. रॅले असली तर सगळ्यात आधी, मग हंबर, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलस. भंगारवाला किलोवर घ्यायचा, हा फोटो काढून पुढं कुणाला तरी पाठवतो आणि मग भाव सांगतो. घरातली पोरं "अडगळ गेली एकदाची" म्हणून खूश. आणि काही महिन्यांनी तशीच एखादी सायकल शहरातल्या हॉटेलात भिंतीला टांगलेली दिसते, कॅरिअरवर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

मला स्वतःला हा नाद आहे. माझ्याकडं चार जुन्या सायकली आहेत आणि चारही रस्त्यावर चालतात. रविवारी सकाळी नर्सीला, नाहीतर औंढ्याला जाऊन येतो. त्यामुळं जमवणाऱ्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही. उलट, या लोकांनी उचलल्या नसत्या तर यातल्या बऱ्याच सायकली भट्टीत वितळल्या असत्या. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी कर्वेनगरात सायकलींचं संग्रहालय उभं केलंय, २०१७ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. दुसऱ्या महायुद्धातली, मधोमध दुमडणारी बीएसए पॅराट्रूपर तिथं आहे. नुसत्या सायकली नाहीत, दिवे, पंप, कुलपं, दुरुस्तीची हत्यारं, सगळं जपलंय. पुण्याला गेलात तर तुळशीबागेतून थोडा वेळ काढा आणि बघून या. अशा माणसाकडं सायकल गेली तर दुःख नाही. माझं भांडण फुलांच्या कुंडीवाल्यांशी आहे, आणि त्याहून जास्त आपल्याशी.

कारण सायकल गेली हे आपल्याला दिसतं. तिच्याबरोबर कोण गेलं, ते दिसत नाही.

जुनी सायकल उभी करायची म्हणजे रंग मारायचा नसतो. उदाहरण देतो. या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. काहून? तर ओझं मागं असतं. दुधाचे कॅन, हळदीचं पोतं, पेंडीचा कट्टा, नाहीतर बायको आणि तिच्या मांडीवर पोरगं. चाक वाकडं झालं की मिस्त्री सायकल उलटी करतो, चाक फिरवतो, रिमजवळ खडू धरतो आणि एकेक तार चिमटीत दाबून बघतो. कोणती ढिली, कोणती ताणलेली, हे त्याचं बोट सांगतं. मग चावीचा पाव आटा इकडं, अर्धा तिकडं. याला आपण चाकाचा आऊट काढणं म्हणतो. मी हे शिकायला सहा महिने एका मिस्त्रीच्या दुकानावर बसलोय, अजून माझ्या चाकाला त्याच्यासारखी फिरत येत नाही.

दुसरं, पायडलाचा दांडा. तो कॉटर पिनवर बसवलेला असतो. पन्नास वर्षांच्या गंजानं पिन धरून ठेवलेली. नवखा माणूस हातोडी हाणतो आणि पिन चपटी करून बसतो. जुना मिस्त्री खाली लोखंडी नळीचा आधार देतो, रात्रभर तेल सोडतो आणि सकाळी एका घावात पिन बाहेर. आणि इंग्लंडच्या जुन्या रॅलेच्या वाटीचे आटे इंचाला २६, तर बीएसएसारख्या बाकी सायकलींचे २४. बाजारातली वाटी जोर लावून बसवली की सायकल कायमची बाद. हे यूट्यूबवर इंग्रजीत सापडेल, पण आपल्या मोंढ्यातला सत्तरी ओलांडलेला मिस्त्री हे न वाचता सांगतो. त्याच्या हाताखाली आज एकही पोरगं नाही. तो सांगतो, पंक्चरचे पैसे मोटारसायकलवाल्याकडून मिळतात, सायकल आठवड्यातून एखादी येते. त्यातही जी येते, ती माझ्यासारख्या नादी माणसाची.

जाता जाता एक गंमत सांगतो, कारण या नादात थापा फार. एकानं मला तीन गिअरची रॅले दाखवली आणि म्हणाला, "हिंगोलीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबाची आहे, आजोबाला बक्षीस दिलेली." किंमतही साहेबासारखीच. आता हैदराबाद कंटिंजंट १९०३ सालीच इंग्रजांच्या मुख्य फौजेत विलीन झालं. आणि त्या सायकलीच्या मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू लिहिलेलं आणि शेजारी ५२ चा आकडा. हा हब बनायला लागला १९३६ मध्ये, आणि तो आकडा म्हणजे बनवल्याचं साल. १९५२ ला निजामही गादीवर राहिला नव्हता, साहेब कुठला! सायकल मात्र झकास होती. तर ज्यांच्या घरात अशी असेल त्यांनी विकण्याआधी हबवरची धूळ पुसून आकडा बघा. नगरपालिका पूर्वी सायकलवर कर घ्यायच्या आणि वर्षाचा बिल्ला द्यायच्या. तसा बिल्ला सापडला तर चिंच लावून घासू नका, अक्षरं जातात. आणि मूळ सोनेरी रेघा थोड्या जरी शिल्लक असतील तर वरून रंग मारू नका. गंज डिझेलच्या फडक्यानं निघतो. (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रेशनवर रॉकेल कुठंय.)

तर मुद्दा. कुणी म्हणेल, चार हौशी लोकांच्या सायकलींसाठी मिस्त्री जगवायचा का? नाही. पण मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, आपल्या जिल्ह्यातही. ज्या गावात शाळा सातवीला संपते, तिथल्या पोरीचं पुढचं शिक्षण त्या सायकलवर उभं असतं. एसटी चुकली तर सायकल, पावसात पूल बंद झाला तर लांबच्या वाटेनं सायकल. ही योजना चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण कधी तरी अशा पोरींच्या अंगणात जाऊन बघा. मी जिथं जिथं थांबलो, तिथं एखादी तरी सायकल भिंतीला टेकून पडलेली. विचारलं तर काय झालंय? चाक घासतंय. चेन उतरते. ब्रेकची तार तुटली. पन्नास-शंभराचं काम, पण गावात करणारा कोणी नाही, आणि तालुक्याला सायकल न्यायची तर टमटमचं भाडं दुरुस्तीपेक्षा जास्त. मग पोरगी पायी जाते, किंवा जात नाही.

जो हात माझी रॅले सरळ करतो, तोच हात तिची सायकल सरळ करतो. तोच आपण मरू देतोय.

कारखान्यांचं आपल्या हातात नव्हतं. आसनसोलची सेन-रॅले सरकारनं १९८० ला ताब्यात घेतली तरी वाचली नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. ते सगळं लांबचं. मिस्त्री तर आपल्या चौकात बसलाय.

जिल्हा नियोजन समितीकडं नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा ठेवलेला असतो. त्यातून पाचही तालुक्यांत एकेक जुना मिस्त्री मानधनावर घ्या. त्यानं महिन्यातून ठरलेल्या दिवशी शाळेत जावं, पोरींच्या सायकली तिथंच दुरुस्त कराव्यात, आणि दोन-चार पोरापोरींना हाताखाली घ्यावं. पोरींना पण शिकवा, पंक्चर काढणं काही मर्दुमकीचं काम नाही. सुटे भाग मिळत नाहीत ही सबब चालणार नाही, २८ इंची टायर, तारा, छर्रे आजही तालुक्याच्या बाजारात मिळतात. संग्रहालय करायचं असेल तर त्याच्या नंतर करू, आणि त्यातल्या सायकली वर्षातून एकदा, हिंगोलीच्या दसऱ्याला रस्त्यावर काढू. काचेत ठेवलेल्या सायकलीचे छर्रे सुकतात.

सायकल जमवणाऱ्या दोस्तांनाही सांगणं आहे. गावातून सायकल घेतली तर दुरुस्ती त्याच गावच्या मिस्त्रीकडून करून घ्या, पुण्याला नेऊन नाही. आणि मजुरीत घासाघीस करू नका. सायकलीला हजारो मोजता आणि आऊट काढायच्या दोनशेवर अर्धा तास वाद घालता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निवेदन तयार करतोय, पुढच्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ. त्याला यादी जोडायची आहे. तुमच्या भागात ज्या दुकानावर अजून चाकाचा आऊट निघतो, त्याचं गाव आणि चौक कमेंटमध्ये लिहा. माणसाचं नाव-नंबर नको, ठिकाण पुरे. हिंगोली शहरातली तीन मला माहीत आहेत. सेनगाव आणि औंढ्याकडचं कुणी सांगितलं तर बरं होईल.